पीएमपीसाठी आधी काय घ्यायचं

पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकांच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी, तुम्ही केलेली पुस्तकांची यादी पाहिली. सात पुस्तकं नकोत. बहुतेक नवखे इथेच अडकतात. साहित्य जमवण्यातच दोन महिने जातात.

आधी ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून परीक्षेची रूपरेषा उतरवून घ्या, फुकट आहे. ती तुमच्या परीक्षेच्या तारखेला लागू आहे ना, हे बघा. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर स्वस्तात मिळाला म्हणून २०१७ चा पीएमबॉक (पीएमआयचा मार्गदर्शक ग्रंथ) उचलू नका. त्यात सगळा भर ४९ प्रक्रियांवर. आता निदान निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल (टप्प्याटप्प्याने, बदल सामावून घेत काम करण्याची पद्धत) आणि हायब्रिडचे (ती आणि पारंपरिक पद्धत यांचं मिश्रण) असतात.

मग दोनच गोष्टी:

- ३५ तासांचा एक कोर्स. अर्जाला तो लागतोच, म्हणून अभ्यासही त्यातूनच करा.
- एक प्रश्नसंच, पण प्रत्येक चुकीचा पर्याय का चुकीचा हे सांगणारा. सूत्रं पाठ करून भागत नाही, कारण बरेचसे प्रश्न ‘व्यवस्थापकाने आधी काय करावं?’ अशा धर्तीचे असतात. माझे गुण वाढले ते ही स्पष्टीकरणं वाचूनच.

‘खऱ्या’ प्रश्नांच्या फिरत्या पीडीएफ उघडूसुद्धा नका.

लोकलमध्ये दहा-दहा प्रश्न जरूर सोडवा. पण १८० प्रश्नांची पूर्ण सराव परीक्षा रविवारी सकाळी, फोन बंद करून, एका बैठकीत द्या. पहिलीत गुण कमी पडले तरी घाबरू नका, चुकलेले प्रश्न घेऊन या, आपण बसून बघू.