रात्री अकराला सुटणाऱ्या मुलीचं घर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल आणि सोबतची यादी वाचली. ऐरोलीची नोकरी, वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा, हातात एकवीस हजार. राहायला चार जागा: बदलापूरला वन आरके सहा हजारात, घणसोली गावात खोली साडेनऊ हजारात, ऐरोलीच्या सेक्टरमध्ये पीजीतला एक बेड साडेआठ हजारात, आणि नालासोपाऱ्याला आत्याच्या ओळखीची खोली, जवळजवळ फुकट. प्रत्येक जागेपुढे तू "गुन्हेगारी" आणि "नोकरीच्या संधी" असे दोन रकाने केलेस आणि दहापैकी गुण दिलेस. मेहनत दिसते आहे. पण हे दोन रकाने वेगळे धरलेस तिथेच हिशेब बिघडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नालासोपारा आधी खोडून टाक. आधी पश्चिम रेल्वेने दादर, मग ठाणे, मग गाडी बदलून ऐरोली, आणि रात्री तेच उलट. महिनाभरात बॅग भरून लातूरला जाशील. वसई-दिवा मार्ग आहे खरा, पण त्यावर गाड्या मोजक्याच. आत्याला गोड बोलून नाही म्हण.

बदलापूरला गुन्हेगारीच्या रकान्यात तू तीन गुण दिलेस. कारण मला कळलं. तुझी आई ऑगस्ट 2024 विसरलेली नाही. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाले, लोक रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद होती. पण त्या प्रकरणातली दुसरी गोष्टही लक्षात ठेव. तक्रार नोंदवून घ्यायला उशीर केला म्हणून पोलीस अधिकारी निलंबित झाले. म्हणजे गुन्हा घडणं वेगळं आणि तो कागदावर येणं वेगळं. जिथे सहज नोंद होते तिथले आकडे फुगलेले दिसतात, जिथे हाकलून लावतात तिथले आकडे सोवळे. देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या तक्त्यात केरळ दरवर्षी वर असतो. म्हणून केरळात राहायची भीती वाटते असं कोणी म्हणत नाही.

शिवाय त्या तक्त्यांचा तुला उपयोग नाही. महानगरांच्या यादीत वीस लाखांवर वस्तीची 19 शहरं आहेत, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर. तुझी एकही जागा त्यात बसत नाही. आणखी एक गंमत सांगते. लोकलमध्ये किंवा फलाटावर मोबाईल मारला, तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो, तू राहतेस तिथल्या पोलीस ठाण्याच्या खात्यात येतच नाही. रोज तीन-चार तास गाडीत काढणाऱ्या माणसाचा निम्मा धोका त्याच्या वस्तीच्या आकड्यांत मोजलेलाच नसतो.

बघायचंच असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघ. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यापासून, संवेदनशील प्रकरणं वगळता, एफआयआर तिथे टाकावे लागतात. रबाळे आणि बदलापूर पूर्व, दोन्ही पोलीस ठाण्यांचा एकेक महिना काढ आणि कलमांवरून नजर फिरव. जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी नवीन भारतीय न्याय संहिता आहे, त्यात 303 म्हणजे चोरी, 304 म्हणजे हिसकावून नेणं, 318 म्हणजे फसवणूक. किती झाले यापेक्षा कुठे आणि किती वाजता झाले ते वाच. एकाच चौकात रात्री दहानंतर तीनदा हिसकाहिसकी दिसली, तर ती माहिती तुझ्या कामाची. भावाभावांची जमिनीवरून मारामारी तुझ्या कामाची नाही.

आता माझ्या धंद्याचं बोलते. तुला माहीत आहे, मी बरीच वर्षं बॅक ऑफिसच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर होते. रात्री कोणती गाडी कोणाला घेऊन कुठे जाणार, कोण आधी उतरणार, कोण शेवटी, हा रोस्टर मी लावायचे. पुण्यात 2007 मध्ये बीपीओतल्या एका मुलीचा कंपनीच्याच कॅबच्या ड्रायव्हरने खून केला. त्यानंतर गाडीत मुलगी एकटी उरणार असेल तर एस्कॉर्ट, म्हणजे सोबतीला सुरक्षारक्षक, हवाच, यावर सगळे कडक झाले. रोस्टर लावताना आम्ही वस्तीचं नाव बघत नसू. गाडी आत वळते का, तिथे रात्री एखादं दुकान उघडं असतं का, मुलगी उतरल्यावर किती पावलं चालणार, एवढंच बघायचो. नाव बदनाम असलेल्या कितीतरी गल्ल्यांत मेडिकल उघडं, वडापावची गाडी चालू, ओट्यावर म्हातारी बसलेली. आणि मोठ्या नावाच्या कॉम्प्लेक्समध्ये मेन गेट दहाला बंद, मागच्या गेटपर्यंत पत्र्याच्या कुंपणाकडेने अंधारात चालायचं. ड्रायव्हर लोक मला फोन करून सांगायचे, "मॅडम, ती वर गेली, लाइट लागला, मग निघालो." तो लाइट लागेपर्यंतचा तुकडा ज्याचा त्यालाच चालावा लागतो, आणि तोच कोणी मोजत नाही.

म्हणून एचआरला ऑफर स्वीकारण्याआधी विचार: ड्रॉप आहे का, होम ड्रॉप की नोडल ड्रॉप, आणि हद्द कुठपर्यंत? नोडल म्हणजे हमरस्त्यावरच्या एका ठरलेल्या ठिकाणी सोडतात, पुढचं तुझं तू बघ. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची, असं स्पष्ट आहे. तरी काही ठिकाणी हद्दीबाहेर राहणाऱ्या मुलीकडून "मी माझ्या जबाबदारीवर जाईन" असं लिहून घेतात. तसला कागद पुढे आला तर सही करू नकोस, मला फोन कर.

बदलापूर सीएसएमटीपासून 68 किलोमीटर, ठाणे 34. म्हणजे बदलापूरहून ठाण्यापर्यंतच चौतीस किलोमीटर, वर ठाण्याला पूल चढून ऐरोलीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर गाड्यांचा फलाट. बदलापूर वाईट गाव नाही. माझी नणंद तिथे राहते, हवा छान, पाणी बरं. पण अकराला सुटून ठाणे गाठायचं, तिथे कर्जत किंवा बदलापूर गाडीची वाट बघायची, कारण त्या वेळी गाड्यांमधलं अंतर वाढलेलं असतं. महिलांच्या डब्यात रात्री वर्दीतला माणूस असतो, तो प्रवास ठीक. स्टेशनबाहेर आलीस की शेअर रिक्षा संपलेल्या असतात आणि सगळ्या "स्पेशल" झालेल्या असतात. रोजचे ऐंशी रुपये जादा धर, महिन्याला दोन हजारांच्या घरात गेले. भाड्यात वाचवलेले साडेतीन हजार असे विरघळतात. सकाळच्या गर्दीचं तर बोलतच नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं गाडीतून पडून गेली, ती वस्तीच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत दिसत नाहीत. तुला दुपारची पाळी आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि मुख्य मुद्दा इथे येतो. लांब राहणाऱ्या मुली चार-सहा महिन्यांनी पाळी बदलून मागायच्या. सकाळची द्या, रात्री घरी जायला भीती वाटते. चूक काहीच नाही. पण टीम लीडरची जागा निघायची ती रात्रीच्या पाळीत, आणि ती जायची घणसोलीला किंवा कळव्याला राहणाऱ्या मुलीला. कामात लांब राहणारी जास्त हुशार असली तरी. रात्री परतायची भीती वाटेल अशा ठिकाणी घर घेतलंस, की त्या पट्ट्यातल्या निम्म्या नोकऱ्या तुझ्यासाठी बंद झाल्या म्हणून समज. मग "संधी" या रकान्यात दहापैकी आठ लिहून काय उपयोग?

दुसरं असं की तू ही नोकरी जन्मभर करणार नाहीस. दीड-दोन वर्षांत बदलशील, बदलायलाच हवी, नाहीतर पगार हलत नाही. तेव्हा घर असं बघ की दुसऱ्या नोकरीसाठी ते सोडावं लागू नये. ठाणे-बेलापूर पट्टा मला त्यासाठी आवडतो. एकाच रुळावर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, पुढे वाशी आणि दुसऱ्या फाट्याला नेरूळ-बेलापूर. महापे रिक्षाच्या अंतरावर. उलट दिशेला ठाणे, तिथून वागळे इस्टेट, मुलुंड, विक्रोळी. फक्त रबाळे-महाप्याला उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती बघून हुरळू नकोस. त्यांना वीज भरमसाट लागते, माणसं थोडी.

तर घणसोली गाव. याला तू सुरक्षिततेचे पाच दिलेस, कारण "दाटीवाटी, गल्ल्या". अगं, दाटीवाटीत एक फायदा असतो. घरमालक बहुतेक आगरी, खालीच राहतो, रात्री साडेअकराला कोण वर गेलं ते त्याच्या आईला ठाऊक असतं. त्याचा जाचही होईल. मित्र घरी आला तर सकाळी भुवया उंचावतील. तो तुझा आणि त्यांचा प्रश्न. मी चोराआधी जिना बघीन. जिन्याखाली बाइका लावलेल्या आणि तिथेच मीटरचा डबा, वायरी लोंबतायत, खाली उतरायला दुसरी वाट नाही, अशी खोली पाचशे रुपये कमी असली तरी घेऊ नकोस. गच्चीचं दार रात्री कुलूप लावून ठेवतात का, तेही विचार.

गावठाणातली बरीच बांधकामं परवानगीशिवायची आहेत. पलीकडच्या दिघ्यात एमआयडीसी-सिडकोच्या जागेवरच्या 99 इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2015 मध्ये पाडकाम सुरू झालं तेव्हा आयुष्याची कमाई घातलेली माणसं रस्त्यावर आली. भाडेकरूचं तेवढं जात नाही, फार तर डिपॉझिट आणि एक वाईट आठवडा. म्हणून अशा खोलीत राहायला माझी हरकत नाही, पण पैसे अडकवायला आहे. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त द्यायचं नाही. "हेवी डिपॉझिट दे, भाडं माफ" असं कोणी म्हणालं तर चप्पल घालून निघ. एकच खोली तिघांना हेवीवर देऊन पसार झालेले लोक या पट्ट्यात कमी नाहीत. फोटोवर खोली दाखवून "मी लष्करात आहे, बदली झाली, टोकन पाठव, क्यूआर स्कॅन कर" म्हणणाऱ्यांचं तर पीकच आलंय. घाईत पैसे गेलेच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, रडत बसायचं नाही.

भाडेकरार नोंदवलेलाच हवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवला नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. हे मालकाला शांतपणे ऐकवलं की तो स्वतःच नोंदणीला तयार होतो. घरपट्टीची पावती आणि लाइट बिल माग, दोन्हींवर त्याच घरातलं नाव आहे का बघ. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतोय का, तेही विचार. टाळाटाळ करणारा मालक पुढे डिपॉझिटलाही टाळाटाळ करतो.

माझं मत विचारशील तर पहिले दोन महिने ऐरोलीच्या पीजीत राहा. महाग वाटेल, पण ऑफिस चालत किंवा एका रिक्षावर, आणि त्या काळात घणसोली डोळ्याखालून घाल. दुपारी नको, तुझी पाळी सुटल्यावर, टीममधल्या एखाद्या मुलीला सोबत घेऊन. स्टेशनपासून खोलीपर्यंत एकदा चाल. कुठली दुकानं उघडी, कुत्री कुठे, कुठे पावलं आपोआप भरभर पडतात. पावसात पुन्हा एकदा. आणि पार्टनर तोवर शोध. साडेनऊचे निम्मे म्हणजे पावणेपाच हजार, बदलापूरपेक्षाही स्वस्त. तुझ्या यादीत ही ओळच नव्हती.

बाबांना म्हणावं, काळजी करू नका, मी ठाण्यातच आहे. पहिल्या पगारापर्यंत डिपॉझिटचे पैसे कमी पडले तर सांग, उसने देईन, व्याज म्हणून एकदा पुरणपोळ्या.

तुझी,
मावशी

ता. क. कंपनीचं नाव कळव, पत्ताही. 2016 मध्ये मीरा रोडला बनावट कॉल सेंटरवर ठाणे पोलिसांनी धाड घातली, तेव्हा सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं होतं. अमेरिकेतल्या लोकांना कर खात्याच्या नावाने धमकावून पैसे उकळायचा धंदा, आणि फोनवर बसलेली पोरं तुझ्याच वयाची. मुलाखतीत तुझं काम नेमकं काय, क्लायंट कोण, हे नीट सांगितलं होतं का? ऑफर लेटरमध्ये पीएफचा उल्लेख आहे का? नोंदणी फी म्हणून काही मागितलं का? तिन्हींची उत्तरं उद्याच पाठव, खोलीचं नंतर बघू.