केसपेपरवर न येणारी भूक

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘इतक्यांदा सांगूनही त्या नीट खात नाहीत, त्यांना पोटातल्या बाळाची काळजीच नाही,’ हे तुझं वाक्य मनाला लागलं. रागावले नाही गं. तुझ्या वयाची असताना मीही हेच म्हणायचे.

तेव्हाची एक चूक सांगते. तपासणीला एक बाई यायची. सहावा महिना, हिमोग्लोबिन 8. गर्भारपणात 11 च्या खाली गेलं की आपण रक्तक्षय म्हणतो, म्हणजे बघ. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, काय काय खायचं ते समजावलं. पुढच्या खेपेला आकडा तिथेच. मी आवाज चढवला. ती मान खाली घालून ‘हो, खाईन’ म्हणाली. तिसऱ्या खेपेला ती एकटीच आली. पिशवीतून गोळ्यांच्या स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. पहिल्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या काढलेल्या होत्या. म्हणाली, ‘उपाशीपोटी घेतली की मळमळतं.’ मी पटकन बोलून गेले, ‘मग जेवून घे ना!’ ती काहीच बोलली नाही. स्ट्रिपच्या कडेवरून बोट फिरवत बसली. दोन महिने मी तिला काय खायचं ते सांगत होते, घरात खायला आहे का हे एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून तुला सांगते, आधी तेच विचार. घरचं माणूस बाहेर असताना विचार, आणि ‘जेवतेस ना?’ असं विचारू नकोस. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने अन्नाची असुरक्षितता मोजायला आठ प्रश्न ठरवले आहेत. अन्न पुरेल की नाही याच्या काळजीने ते सुरू होतात, मग खाण्यातला वेगवेगळेपणा गेला का, एखादं जेवण टाळावं लागलं का, घरातलं अन्न संपलं का, असे चढत जाऊन अख्खा दिवस उपाशी काढावा लागला का इथवर पोहोचतात. टंचाई घरात याच क्रमाने शिरते. आधी काळजी, मग ताटातले पदार्थ कमी, मग घास कमी. पोट भरतंय पण ताटात एकच एक पदार्थ आहे, अशी बाई उपाशी दिसत नाही. कधी कधी तर ती अंगाने चांगली भरलेली असते. तिच्याकडे बघून फसू नकोस. काल सकाळपासून आज सकाळपर्यंत काय काय खाल्लं ते आठवून सांगायला लाव. धान्य, डाळी, दूध, पालेभाज्या अशा अन्नाच्या दहा गटांपैकी निदान पाच त्यात आले का, हे बायकांच्या आहाराचं सोपं माप आहे.

आणि माती, खडू, बर्फ खावासा वाटतो असं कोणी म्हणालं, तर ‘डोहाळे’ म्हणून हसण्यावारी नेऊ नकोस. रक्त तपास. लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

‘बाळ आपल्याला हवं ते आईच्या अंगातून काढून घेतंच,’ हे तू बरेचदा ऐकशील. हे अर्धंच खरं आहे. बाळाचा मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं, म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आधीपासून लागतं. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूला आईच्याच थायरॉइड संप्रेरकाचा आधार असतो आणि ते आयोडीनपासून बनतं, त्यामुळे आयोडीन आईकडे नसेल तर बाळ ते आणणार कुठून? बाळ वजनाने चांगलं आहे एवढ्यावरही निश्चिंत होऊ नये. 1944–45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. तो ज्यांच्या वाट्याला पोटात असताना अगदी सुरुवातीला आला, ती मुलं जन्मली तेव्हा वजनाने ठीक होती. मोठेपणी मात्र त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टरांचं नाव लक्षात ठेव. 1928 मध्ये त्या मुंबईत आल्या आणि गिरणी कामगार गर्भवतींमधल्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागल्या. त्यांनी त्या बायकांच्या आहारात डोकावून पाहिलं आणि यीस्टच्या अर्काने रक्त सुधारतं असं दाखवलं. त्यातला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट, ज्याचं गोळीतलं रूप म्हणजे फोलिक ॲसिड, हे पुढे कळलं. आज जी गोळी तू सहज हातावर ठेवतेस, तिचा माग असा गरीब बायकांच्या ताटापासून निघाला.

गोळीला कमी लेखू नकोस, पण देताना दोन मिनिटं बोल. मळमळत असेल तर थोडं खाऊन किंवा रात्री झोपताना घे म्हणावं. चहा-कॉफीबरोबर नको, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल हे आधीच सांग. नाहीतर ती घाबरून दुसऱ्याच दिवशी बंद करते.

आता तुझा खरा प्रश्न: घरात अन्नच नसेल तर आपण काय करणार? अन्न हाच तिथे उपचार आहे. जिथे कुपोषण जास्त आहे तिथे गर्भवतींना ऊर्जा आणि प्रथिनं देणारा पूरक आहार द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 पासून सांगितलेलं आहे. मृत जन्म आणि कमी वाढीची बाळं त्याने कमी होतात. तेव्हा असा आहार कुठे मिळतो, नाव कोण नोंदवतं, कागद कोणते लागतात, हे तुला तोंडपाठ हवं. तिला नुसता पत्ता देऊ नकोस, तिच्यासमोर फोन लाव. आणि केसपेपरवर हिमोग्लोबिनच्या शेजारी ‘घरात अन्न कमी पडतं’ असं स्पष्ट लिही, म्हणजे पुढच्या खेपेला तुझ्या जागी जी कोणी बसेल ती तिच्यावर आवाज चढवणार नाही.

सोमवारच्या ओपीडीत गर्दी असेल, सगळ्यांना विचारणं जमणार नाही. जिचा आकडा दोन खेपा हललेला नाही, तिच्यापासून सुरुवात कर. ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
ताई