रानपिंगळा (रानातलं छोटं घुबड) दिवसाढवळ्या ओरडला तर अशुभ असतं का?
अजिबात नाही. तो दिवसाच शिकार करतो: सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे. त्यामुळे भर उन्हात सागाच्या फांदीवरून ओरडणं हे त्याचं रोजचंच आहे.

अशुभ कसला, आपल्या खानदेशाचं भाग्य आहे तो! १८८४ नंतर त्याची एकच नोंद होती, १९१४ची, गुजरातमधली. ती चोरलेल्या जुन्या नमुन्यावर, म्हणजे जतन केलेल्या मृत पक्ष्यावर, खोटी चिठ्ठी लावून केलेली निघाली. ही लबाडी उघड करणाऱ्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन मग खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर निघाल्या आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या चमूला तो जिवंत दिसला. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळला त्याचा अभ्यास केला.

दगड मारून हाकलू नका. घरट्यासाठी त्याला ढोली लागतात, म्हणून शिवारातली जुनी झाडं राखा.