वाचकांचे प्रश्न : बीबीसी थ्री दुपारी का नसते, ई-फोर का तुटते?

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. विषय आहे बीबीसी थ्री आणि ई-फोर या तरुणांसाठीच्या, मासिक वर्गणी न भरता दिसणाऱ्या वाहिन्यांचा.

प्रश्न : खोलीतल्या टीव्हीवर सीबीबीसी ही मुलांची वाहिनी स्वच्छ दिसते. बीबीसी थ्री लावली की मात्र नुसती पाटी येते. अँटेना बदलू का? (बर्मिंगहॅमहून एक विद्यार्थिनी)

अँटेनाला हात लावू नका. आधी घड्याळ पाहा. बीबीसी थ्री संध्याकाळी ७ ला सुरू होते आणि पहाटे ४ च्या सुमारास थांबते. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ हीच जागा सीबीबीसी वापरते. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र गुंफून पाठवतात, त्या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. त्यातली जागा मोजकी असते, म्हणून दोन वाहिन्यांनी दिवस वाटून घेतला आहे. बीबीसी वन आणि बीबीसी थ्री एकाच मल्टिप्लेक्सवर आहेत. त्यामुळे बीबीसी वन नीट दिसत असेल, तर अँटेना आणि केबल ठीक आहेत असे समजा.

रात्री ८ वाजताही वाहिनी दिसली नाही, तर टीव्हीतली वाहिन्यांची यादी जुनी असणार. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही वाहिनी प्रक्षेपणातून काढून फक्त इंटरनेटवर ठेवली होती. १ फेब्रुवारी २०२२ ला ती परत आली. मधल्या काळात ट्यून करून ठेवलेल्या टीव्हीला ती माहीतच नसते. एकदा ऑटो-ट्यून करा (टीव्हीला सगळ्या वाहिन्या पुन्हा शोधू द्या) आणि क्रमांकाने न शोधता नावाने शोधा, कारण स्कॉटलंड-वेल्समधले क्रमांक इंग्लंडपेक्षा वेगळे आहेत.

वाहिनी परत आणली हे योग्यच झाले असे आमचे स्पष्ट मत आहे. भाड्याच्या खोलीत इंटरनेट धड नसते, तेव्हा अँटेनावर फुकट दिसणारी वाहिनी हाच आधार असतो.

प्रश्न : ई-फोर चांगली दिसत होती. गेल्या आठवड्यात चित्राचे चौकोन पडू लागले, म्हणून पूर्ण री-ट्यून केले. आता ती यादीत ८०० च्या पुढे गेली आहे आणि जास्तच तुटते. बूस्टर (सिग्नल वाढवणारे यंत्र) घेऊ का? (लीड्सहून एक वाचक)

बूस्टर नको. बिघाड री-ट्यूनमुळे वाढला आहे. हवेचा दाब जास्त असला, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की लांबच्या प्रक्षेपण मनोऱ्यांचे सिग्नल नेहमीपेक्षा खूप दूर पोहोचतात आणि तुमच्या सिग्नलमध्ये मिसळतात. एक-दोन दिवसांत हवा बदलते आणि चित्र आपोआप सुधारते. नेमक्या त्याच वेळी री-ट्यून केले, तर टीव्ही तात्पुरता क्षीण झालेला आपला मनोरा यादीतून गाळतो आणि परक्या मनोऱ्याची वाहिनी साठवतो. एकच वाहिनी दोन मनोऱ्यांवरून सापडली, तर दुसरी नोंद बहुधा ८०० च्या पुढे टाकली जाते.

आता हवा निवळेपर्यंत थांबा. मग फ्रीव्ह्यू या अँटेनावरच्या फुकट टीव्ही सेवेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घालून तुमचा मनोरा आणि त्याचे यूएचएफ चॅनेल क्रमांक (म्हणजे प्रक्षेपणाच्या फ्रिक्वेन्सीचे क्रमांक) लिहून घ्या. लीड्सच्या बहुतेक भागाला एम्ली मूरचा मनोरा लागतो. तो शहराच्या दक्षिणेला, किंचित नैर्ऋत्येकडे आहे. जुनी यादी पुसण्यासाठी अँटेनाची केबल काढून एकदा ट्यून करा. नंतर केबल लावा आणि मॅन्युअल ट्यूनमध्ये ते क्रमांक एकेक करून भरा. मॅन्युअल ट्यून नसेल, तर साधे ऑटो-ट्यून चालेल, पण ते हवा निवळल्यावरच करा.

तरीही तुटत असेल, तर आणखी काय तुटते ते पाहा. आयटीव्ही वन, चॅनेल फोर आणि ई-फोर एकाच मल्टिप्लेक्सवर आहेत. तिन्ही एकदम तुटल्या, तर त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल अडतो आहे. तेव्हा खोलीतला अँटेना मनोऱ्याच्या दिशेच्या खिडकीपाशी न्या. मोठ्या मनोऱ्यासाठी त्याच्या दांड्या आडव्या हव्यात. मोठ्या मनोऱ्याचा सिग्नल पुढे पाठवणाऱ्या छोट्या रिले केंद्रांसाठी त्या बहुतेक वेळा उभ्या लागतात. केबलच्या टोकाचा प्लग उघडून बघा. बाहेरच्या जाळीची एखादी तार मधल्या तारेला टेकली, तर सिग्नल जवळजवळ मरतो. हा दोष आम्हाला वारंवार दिसतो आणि तो दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

बूस्टरची पाळी शेवटी. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची ताकद आणि गुणवत्ता अशा दोन पट्ट्या असतात. ताकद भरपूर आणि गुणवत्ता कमी असेल, तर टीव्हीवर सिग्नलचा मारा जास्त होतो आहे. तिथे बूस्टर लावला की चित्र आणखी बिघडते. उलट सिग्नल कमी करणारा ६ ते १२ डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावून बघा.

प्रश्न : घरमालकाची डिश आणि उपग्रहावरून वर्गणीविना वाहिन्या दाखवणारा जुना फ्रीसॅट बॉक्स आहे. बीबीसी थ्री कुठेच नाही. (कार्डिफहून)

बॉक्स एचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) आहे का ते पाहा. जानेवारी २०२४ मध्ये बीबीसीने उपग्रहावरचे एसडी (साध्या स्पष्टतेचे) प्रक्षेपण बंद केले. जुन्या एसडी बॉक्सवर ही वाहिनी कितीही ट्यून केली तरी येणार नाही. बॉक्सच बदलावा लागेल. डिश तीच चालते.

प्रश्न : वाहिनी फुकट आहे, मग टीव्ही लायसन्स (टीव्ही बघण्याचा वार्षिक परवाना) कशाला? मी फक्त लॅपटॉपवर बघतो.

‘फुकट’ म्हणजे वर्गणी नाही आणि सांकेतिकीकरण (सिग्नलला कुलूप) नाही, एवढेच. कोणतीही वाहिनी थेट प्रक्षेपणाच्या वेळी बघायची असेल, तर लायसन्स लागते. मग ती जाहिरातींवर चालणारी ई-फोर का असेना, आणि पडदा फोनचा का असेना. आयप्लेअर या बीबीसीच्या इंटरनेट सेवेला १ सप्टेंबर २०१६ पासून मागाहून बघण्यासाठीही लायसन्स लागते. चॅनेल फोरच्या सेवेवर ई-फोरचे कार्यक्रम मागाहून बघितले, तर लागत नाही.

आईवडिलांच्या लायसन्सवर बॅटरीवरचा लॅपटॉप चालतो असे सहाध्यायी सांगतील. ते खरे आहे, पण ब्रिटनमधल्या घराला लायसन्स असेल तरच. आईवडील भारतात असतील, तर तुम्हाला स्वतःचे घ्यावे लागते. घराचा करार सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर सहसा एक लायसन्स पुरते. खोलीगणिक वेगळा करार असेल, तर ज्याने त्याने आपले काढायचे.

एप्रिल २०२५ मध्ये वार्षिक दर १७४.५० पौंड झाला. दर सहसा एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून भरण्यापूर्वी तपासा. उन्हाळ्यात खोली सोडून परत जाणार असाल आणि लायसन्सचा निदान एक पूर्ण महिना उरला असेल, तर तेवढ्या महिन्यांचे पैसे परत मागता येतात.