आधी तो रुमाल परत कर

‘वय 36. नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. पीएचडी डिजिटल अभिलेख व्यवस्थापनात (कागद-नोंदी स्कॅन करून, नीट लावून जपण्यात) केली, पण कायम जागा निघत नाही. विभागप्रमुख म्हणतात, स्कॅनिंग हे झेरॉक्सवाल्याचं काम. नवरा म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. दिवसभराच्या धावपळीत प्रबंधासाठी पंचवटीतल्या एका आजोबांकडून आणलेला मोडी कागदांचा रुमालसुद्धा (फडक्यात बांधलेला गठ्ठा) परत द्यायचा राहिलाय, माळ्यावर आहे. हा विषय कुणालाच लागत नाही. सोडून देऊ का?’
– इंदिरानगर, नाशिक

विभागप्रमुखांचं आणि नवऱ्याचं राहू दे. मला त्या रुमालाबद्दल बोलायचंय.

प्रबंध झाला, पदवी मिळाली, आणि आजोबांचे कागद अजून तुझ्या माळ्यावर? किती पावसाळे गेले त्यावरून? दमट हवेत कागदाला कसर लागते आणि जुनी पानं आधी घडीवरच तुटतात, हे मी तुला सांगायला हवं का? आणताना पावती दिली होतीस? आजोबांचं उद्या काही बरंवाईट झालं, तर घराण्याचे कागद कुणाकडे आहेत हे त्यांच्या मुलांना कळणार कसं?

मला खरंच राग आलाय. आयएसओ 15489, अभिलेख व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक, तुझ्या प्रबंधात असणारच: अभिलेख अस्सल, भरवशाचा, अखंड आणि वापरता येण्याजोगा हवा. कागद कुणाच्या ताब्यातून कुणाकडे गेला याची नोंद तुटली, की अस्सलपणाच डळमळतो. केंद्र सरकारच्या दप्तराला 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. आजोबांच्या रुमालाला फक्त तुझा शब्द होता.

विषय कुणाला लागत नाही, हे खोटं आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी सरकारी कचेऱ्यांची धावाधाव झाली. विषय सोडू नकोस. पण या कामात माणसाचं नाव घराघरांतून होतं. ‘बाईंनी कागद जसेच्या तसे आणून दिले’ असं एका घरानं सांगितलं, की शेजारचं घर आपलं कपाट उघडतं. जुने वाडे पाडून इमारती होताहेत, कागद रद्दीत चाललेत. तुझ्यासारखीची गरज आत्ता आहे, गं.

या रविवारी पंचवटीत जा. आधी फोन कर. फडकं खराब झालं असेल तर धुतलेलं पांढरं सुती कापड घे. रंगीत नको, ओल लागली तर रंग कागदावर उतरेल. प्रत्येक कागदाची यादी कर. स्कॅनच्या फायलींना नुसते आकडे असतील तर तारीख आणि विषय लावून नावं दे, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर त्यांच्या नातवंडांना दे. आजोबांनी विचारलं तर वेळेचं कारण सांगू नकोस, सरळ माफी माग. यादीवर त्यांची सही घे.

बँकेच्या परीक्षेचं मला त्यानंतर विचार.