'लाय इन वेट'मधला वेट म्हणजे थांबणं नव्हे

विचारलंय की इंग्रजीत 'लाय इन वेट' बरोबर की 'ले इन वेट', आणि अर्थ काय. अर्थ सरळ आहे, दबा धरून बसणं, त्यात वेळ घालवत नाही. पण मराठी सबटायटलमध्ये 'बिबट्या वाट बघत पडला होता' हे वाचून वाचून डोकं उठलंय. बिबट्या टपून बसतो हो, दबा धरतो, इतके नेमके शब्द आपल्याकडे असताना वाट कशाला बघायला लावताय त्याला?

आणि मुळात या 'वेट'चा अर्थ थांबणं नाहीच, पहारा किंवा पाळत असा आहे. फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतला हा शब्द, 'वॉच' आणि 'वेक' यांच्याच भावकीतला, तो फ्रेंचमध्ये गेला आणि त्याची दोन रूपं झाली. पॅरिसकडे सुरुवातीच्या 'व'चा 'ग' झाला, म्हणून फ्रेंच माणूस आजही टपून बसण्याला 'गेते' आणि दबा धरून केलेल्या हल्ल्याला 'गेतापाँ' म्हणतो. नॉर्मंडीकडे 'व' टिकला आणि १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन लोकांनी तोच तिकडे नेला. 'वॉर्डन' नि 'गार्डियन', 'वॉरंटी' नि 'गॅरंटी' या जोड्याही अशाच जमल्या.

यातलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे 'वेट्स'. जुन्या इंग्लिश शहरांत रात्रीच्या पहारेकऱ्यांना वेट म्हणायचे, त्यांच्याकडे शॉम नावाचं सनईच्या जातीचं वाद्य असायचं आणि त्या वाद्यालाही वेट-पाइप असं नाव पडलं, मग हळूहळू पहारा मागे पडून हेच लोक नगरपालिकेचे पगारी वाजंत्री झाले. १८३५ च्या म्युनिसिपल कायद्याने ती पदं गेली, पण नाव उरलं, नाताळात दारोदार गाणारे म्हणजे वेट्स!

व्हॉट्सॅपवर फिरतं की 'वेट' आपल्या 'वाट'वरून आला. साफ खोटं. वाट आली संस्कृत 'वर्त्म'वरून, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही, फॉरवर्ड करणं थांबवा.

आता 'ले'. व्याकरणवाले म्हणतात की 'लाय' (lie, पडून राहणं) नि 'ले' (lay, ठेवणं, लावणं; भूतकाळ 'लेड') यांत लोकांचा नेहमीचा घोळ होतो तोच इथे झालाय. मला हे आळशी उत्तर वाटतं. पूर्वी 'ले वेट' असा वेगळा, पूर्ण शुद्ध प्रयोग होता, मधे 'इन' नाही, म्हणजे पाळत लावणं, जसा आपण सापळा लावतो. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये (इंग्रजी भाषांतरात) सॅमसन नावाच्या महाबलीला सकाळी मारायचं ठरवून गाझाचे लोक रात्रभर वेशीत दबा धरतात तिथे 'लेड वेट' असंच आहे (आणि हा गडी मध्यरात्रीच उठून वेशीची दारं खांबांसकट उपटून खांद्यावर टाकून जातो). शिवाय 'वेले' म्हणजे वाटेत गाठणं हे क्रियापद आहेच, त्यातही 'ले'. माझं ठाम मत आहे की 'ले इन वेट' हे या दोघांचं 'लाय इन वेट'शी झालेलं कलम आहे, नुसता अडाणीपणा नाही.

तरी आज लिहिताना 'लाय इन वेट', 'लाइंग इन वेट' हेच लिहा. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत फर्स्ट डिग्री खुनाच्या कलमातही 'लाइंग इन वेट' असंच आहे. भूतकाळात मात्र 'ही ले इन वेट' बरोबर, कारण 'लाय'चा भूतकाळच 'ले' होतो, तिथे 'लेड' लिहू नका.