सायबरपंक कथांमध्ये तंत्रज्ञान आणि समाजाचं चित्र सगळीकडे सारखंच असतं का?

सायबरपंक म्हणजे तंत्रज्ञान खूप पुढे गेलेल्या, पण समाज ढासळलेल्या भविष्याच्या विज्ञानकथा. तुम्ही विचारलंय की त्यांत निऑनचे दिवे, सततचा पाऊस, यंत्राचे हातपाय लावलेली माणसं आणि बलाढ्य कंपन्या हे सगळीकडे असतंच, मग एक सायबरपंक पाहिलं की सगळं पाहिलं असं समजायचं का? मला हे अजिबात पटत नाही. देखावा सारखा असतो हे खरं, पण प्रत्येक कथेला एकच प्रश्न विचारून बघा: यातलं तंत्रज्ञान कुणाच्या मालकीचं आहे? त्याचं उत्तर बदललं की समाजही बदललेला दिसतो.

दोन फोटोंचं उदाहरण देतो. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटात (१९८२) रेचल नावाची तरुणी डेकर्डच्या घरी येते; पळालेल्या कृत्रिम माणसांना शोधून संपवणं हे त्याचं काम. आपण माणूसच आहोत हे त्याला पटावं म्हणून तिने आईबरोबरचा लहानपणीचा फोटो आणलेला असतो. डेकर्ड तिला तिच्याच लहानपणीच्या गोष्टी ऐकवायला लागतो, तिने कधी कुणाला न सांगितलेल्या. त्या आठवणी खरं तर कृत्रिम माणसं बनवणाऱ्या कंपनीचा मालक टायरेल याच्या नात्यातल्या एका मुलीच्या असतात. टायरेलचा हिशेब सरळ आहे: कृत्रिम माणसाला भूतकाळ दिला की त्याला ताब्यात ठेवणं सोपं जातं.

मामोरू ओशीईच्या ‘घोस्ट इन द शेल’ या जपानी अ‍ॅनिमेशनपटात (१९९५) दुसरा फोटो आहे. कचरा गोळा करणारा एक साधा माणूस बायको घटस्फोट मागतेय, मुलीला भेटू देत नाही, या काळजीत असतो. बायकोच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून बारमध्ये भेटलेल्या एका अनोळखी माणसाने दिलेला प्रोग्राम तो वापरत असतो. पोलीस त्याला पकडतात आणि सांगतात की तुला बायको नाही, मूल नाही, तू वर्षानुवर्षं एकटाच राहतोस. सहकाऱ्याला दाखवलेला मुलीचा फोटो त्याच्यापुढे ठेवतात, तर त्यात त्याच्याशिवाय दुसरं माणूसच नाही. या खोट्या आठवणी पुसता येतील का, असं तो विचारतो, पण खात्रीचा उपाय कुणाकडेच नसतो. हा प्रसंग मी कितीदाही पाहिला तरी पोटात तुटतं.

दोन्हीकडे आठवणी खोट्याच. मात्र रेचलच्या आठवणी हा एका कंपनीच्या उत्पादनाचा भाग आहे. कचरेवाल्याचा मेंदू ज्याने पोखरला तो ‘पपेट मास्टर’ मुळात परराष्ट्र खात्याच्या हेरगिरीसाठी तयार केलेला प्रोग्राम निघतो, म्हणजे इथे मालक सरकार आहे. नायिका मेजर कुसानागी, जिचं शरीरच यंत्राचं आहे, स्वतः सरकारी नोकरीत आहे. नोकरी सोडायची तर हे यांत्रिक शरीर आणि त्यातल्या आठवणीसुद्धा परत कराव्या लागतील, हे ती आणि तिचा सहकारी बाटो बोटीवर शांतपणे बोलतात. राजीनामा देताना ओळखपत्राबरोबर देहही जमा करायचा! टायरेलसारखा खलनायक इथे नाही. नियमावली आहे, आणि मला ती जास्त भयंकर वाटते.

विल्यम गिब्सनच्या ‘न्यूरोमॅन्सर’मध्ये (१९८४) हीच मालकी कर्जाच्या रूपात येते. केस हा हॅकर मालकांकडे चोरी करतो, म्हणून ते विषाने त्याची मज्जासंस्था बिघडवतात; संगणकांच्या जाळ्यात शिरणं कायमचं बंद. पुढे एक जण त्याच्यावर उपचार करवून देतो, पण त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्यांमध्ये हळूहळू विरघळणाऱ्या विषाच्या पिशव्या बसवल्या जातात. काम पूर्ण केलंस तर त्या निकामी करू, नाहीतर पुन्हा पहिल्यासारखा होशील. उपचार आणि वेठबिगारी एकाच शस्त्रक्रियेत! रेगनच्या काळातल्या अमेरिकेत खासगीकरणाचा जोर होता आणि जपानी उद्योग सगळं गिळंकृत करतील अशी धास्ती होती. या कादंबरीची सुरुवात चिबा या जपानी शहरात होते, त्यामागे ती हवा आहे.

गंमत म्हणजे ‘ब्लेड रनर’ ज्या कादंबरीवर बेतला आहे, त्या फिलिप के. डिकच्या १९६८ च्या पुस्तकात गर्दीच नाही. अणुयुद्धानंतर पृथ्वी ओस पडलेली आहे आणि खरा प्राणी पाळणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे. नायकाकडे विजेवर चालणारी मेंढी आहे आणि ती खरी नाही हे शेजाऱ्यांना कळू नये, ही त्याची रोजची धडपड. तिथे मालकीपेक्षा करुणेचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मी त्याला सायबरपंकचा पूर्वज म्हणेन, सायबरपंक नाही.

नील स्टीफन्सनच्या ‘स्नो क्रॅश’मध्ये (१९९२) अमेरिकेचं सरकार जवळपास नावापुरतं उरलंय, वस्त्यासुद्धा फ्रँचायझीवर चालतात आणि पिझ्झा वेळेत पोहोचवण्याची हमी माफिया देतो. वाचायला मजा येते, पण तळातल्या माणसाची वेदना तिथे फारशी नाही.

ती हवी असेल तर चीनच्या चेन च्युफानची ‘वेस्ट टाइड’ (२०१३) वाचा. ई-कचऱ्यासाठी कुप्रसिद्ध झालेल्या ग्वांगदोंगमधल्या ग्वेयू गावावरून त्याने आपलं बेट उभं केलंय. जगाने टाकलेली उपकरणं आणि कृत्रिम अवयव तिथे परगावाहून आलेले मजूर हाताने फोडतात, आणि सगळा धंदा स्थानिक कुळांच्या मुठीत आहे. ‘मालक कोण’ याच्या जोडीला ही कादंबरी ‘शेवटी निस्तरणार कोण’ असंही विचारते.

लावण्या लक्ष्मीनारायण यांच्या ‘अ‍ॅनालॉग/व्हर्च्युअल’मध्ये (२०२०) भविष्यातलं बंगळुरू एका कॉर्पोरेशनच्या ताब्यात आहे. उत्पादकतेवर माणसांची प्रतवारी होते आणि तळातल्या १० टक्क्यांना तंत्रज्ञानाच्या कुंपणाबाहेर हाकलतात. अप्रेझलच्या महिन्यात आयटीवाल्यांच्या घरात कसलं वातावरण असतं हे पाहिलेल्या कुणालाही ही कादंबरी परकी वाटणार नाही.

सुरुवात कुठून करायची, असंही तुम्ही विचारलंत. आधी ‘ब्लेड रनर’ आणि लगेच ‘घोस्ट इन द शेल’ पाहा, म्हणजे ते दोन फोटो मनात ताजे असतील. मग ‘न्यूरोमॅन्सर’ हातात घ्या. पहिली काही प्रकरणं जड जातील, कारण गिब्सन त्या जगातले शब्द समजावून सांगत बसत नाही. तरी केसच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेटाने वाचा. तिथून पुढे पुस्तक खाली ठेववत नाही.